मागें राहिलेलें घर

आईबाप वृद्धाश्रमांत राहावयास गेले, म्हणजे घराच्या किल्ल्या मुलांच्या हातीं येतात. पण घराचा अधिकारही येतो काय?

नाशिकजवळच्या गंगापुराचा इतिहास येथें आठवतो. १७६१ सालीं ज्येष्ठ पुत्र विश्वासराव पानिपतावर पडले व पाठोपाठ नानासाहेब पेशवेही वारले. पुढें कांहीं वर्षांनीं गोपिकाबाई पुणें सोडून गोदातीरीं गंगापुरास राहिल्या. शनिवारवाडा माधवरावांच्या हातीं राहिला. १७७२ त माधवराव क्षयानें गेले, १७७३ त त्याच वाड्यांत नारायणरावांचा खून झाला. बाई मात्र १७८८ पर्यंत हयात होत्या. नातू सवाई माधवरावांनीं उपदेश मागितला, तेव्हां त्यांनीं वागणुकीचे नियम लिहून पाठविले. घर सुटलें होतें. घराची काळजी सुटली नव्हती.

पेशविणीचें गंगापूर म्हणजे आजचा वृद्धाश्रम नव्हे, हें उघड आहे. तरी सवाई माधवरावांनीं विचारलें, हें महत्त्वाचें.

माझ्या मातोश्री गेल्या वर्षीं आश्रमांत गेल्या. पंचवटींतील घर आवरतांना तांब्याचीं जुनीं भांडीं मोडींत घालावीं, असें माझ्या मनांत होतें. त्यांस विचारलें, तों कोणतें भांडें कोणत्या फळीवर, हें त्यांनीं बिनचूक सांगितलें. भांडीं अद्याप फळीवरच आहेत.