लाखनी ते अमेरिका : उन्हाळी प्रशिक्षणापूर्वीची वाटचाल

भंडारा जिल्ह्यातील लाखनी हे नागपूर-रायपूर महामार्गावरील तालुक्याचे ठिकाण. येथून उच्च शिक्षणासाठी अमेरिकेला निघालेल्या विद्यार्थ्यास प्रथम विद्यापीठाचे 'आय-२०' हे पात्रतापत्र मिळवावे लागते. त्यानंतर 'एफ-१' व्हिसासाठी मुलाखत होते. मुंबईत त्यासाठी अमेरिकी वाणिज्य दूतावास आहे.

या व्हिसावर अभ्यासक्रमाच्या आरंभापूर्वी फार तर ३० दिवस आधी अमेरिकेत प्रवेश मिळतो. घर शोधणे, बँकेत खाते उघडणे आणि विद्यापीठाच्या परदेशी विद्यार्थी कार्यालयात नोंद करणे ही कामे या अवधीत उरकावी लागतात. सत्र सुरू असताना विद्यापीठाच्या आवारात आठवड्याला २० तासांपर्यंत काम करता येते.

आवाराबाहेरील पगारी उन्हाळी प्रशिक्षणास 'सीपीटी' ही परवानगी लागते. प्रशिक्षण अभ्यासक्रमाचा भाग असावे आणि सामान्यतः एक पूर्ण शैक्षणिक वर्ष झालेले असावे, असा नियम आहे. म्हणूनच ऑगस्टमध्ये दाखल झालेल्यास पुढचाच उन्हाळा साधता येतो. जानेवारीत गेलेल्यास पहिला उन्हाळा बहुधा हुकतो. धानाच्या शेतीवर विसंबून कर्ज काढणाऱ्या कुटुंबाने हा फरक प्रवेश घेतानाच ध्यानी घ्यावा.

परवानगीची नोंद 'आय-२०'वर होण्यापूर्वी एक दिवसही काम केल्यास विद्यार्थ्याचा दर्जा धोक्यात येतो. पूर्णवेळ 'सीपीटी' १२ महिने वापरल्यास त्याच स्तरावरील पदवीनंतरच्या 'ओपीटी' या कामाच्या सवलतीला मुकावे लागते.