उजो ल्हान कर

१९५६ सालचा एप्रिल. वाळपईच्या पुढे, म्हादईच्या खोऱ्यातल्या एका डोंगरउतारावर तुम्ही उभे आहात. गोव्यात अजून पोर्तुगिजांचं राज्य आहे आणि भारताने नाकेबंदी केल्यामुळे शहरातल्या बाजारात हॉलंडचे बटाटे आलेत. इथे मात्र सगळ्यांचे डोळे जमिनीकडे. झाडावरचं काजूचं बोंड कुणी तोडत नाही. पिकून आपसूक पडलेलंच उचलायचं. बायका बी पिळून वेगळी करतात, ती जपून, कारण बीच्या टरफलातलं तेल कातडी जाळतं.

कातळात कोरलेल्या कुंडात, म्हणजे कोळंबीत, दोघेजण बोंडं तुडवताहेत. चोथ्याचा ढीग करून त्यावर दगड ठेवला की जो निथळ रस गळतो, तो निरो. "येयात, बसात," म्हातारा भाटीवाला म्हणतो आणि निरोचा पेला पुढे करतो. गोड, जिभेला किंचित धरणारा. प्या लवकर, संध्याकाळपर्यंत तो आंबायला लागेल. तुडवलेला रस तीनेक दिवस तसाच ठेवतात. त्यात बाहेरचं काही घालत नाहीत.

आता भाटीजवळ, म्हणजे दारू गाळायच्या भट्टीजवळ या. चुलाणावर बसवलंय ते तांब्याचं भाण. पूर्वी ते मातीचं असे. पाठीवर हात फिरवा, म्हणजे गार असेल तेव्हा! हातोडीच्या ठोक्यांच्या बारीक खळग्या बोटांना लागतात. ठोकून ठोकून तांबं कडक होतं, मग ते तापवून पुन्हा मऊ करायचं, पुन्हा ठोकायचं. पत्र्याचं असं पोट फुगवणं हे तांबटाचं काम, आणि मला ते मूर्तिकाराच्या कामाहून कमी वाटत नाही. तांबं उष्णता सगळीकडे सारखी पसरवतं आणि रसातल्या गंधकाच्या उग्र वासाला धरून ठेवतं. म्हाताऱ्याला रसायनशास्त्र ठाऊक नाही. मातीच्या भाणातली दारू आणि तांब्याच्या भाणातली, यांतला फरक त्याच्या नाकाला ठाऊक आहे. हंगामाआधी सुनेने भाण कोकमाच्या सोलांनी घासून लख्ख केलंय, हिरवा जंग कणभरही उरू दिलेला नाही.

भाणाच्या तोंडाची फट चिकणमातीने लिंपलेली. तिथून नळी निघते ती लावणीत, म्हणजे वाफ थंड होऊन जिथे थेंब होतात त्या मडक्यात. लावणी तापली की वाफ निसटते, म्हणून तिच्यावर सतत गार पाणी ओतायचं. करटीने, म्हणजे नारळाच्या करवंटीने पाणी घ्या, गळ्यापाशी सोडा, धार सगळ्या अंगावरून उतरू द्या. मग तळव्याने चाचपा. कोमट लागली? पुन्हा पाणी. हे काम तासन्‌तास चालतं आणि ते करणाऱ्याला उठता येत नाही. भाणाच्या पोटातून बारीक गुरगुर येते. ती चढली की म्हातारा मान न वळवता सांगतो, "उजो ल्हान कर गो." सून एक लाकूड मागे ओढते. जाळ भडकला तर रस उसळून नळीत येईल आणि दिवसभराची मेहनत गढूळ होईल.

पहिल्या खेपेला उतरते ती हुर्राक, सौम्य. तीच आंबलेल्या रसात मिसळून पुन्हा भाणात जाते, तेव्हा फेणी. करटीतून पेल्यात उंचावरून धार सोडून म्हातारा तिचे बुडबुडे बघतो: किती उठले, किती टिकले. त्यावरून तिचा जोर कळतो.

घरात शिरा. वेताने मढवलेल्या काचेच्या मोठ्या बरणीत वर्षभराची बेगमी. कोनाड्यात मात्र छोटी बाटली आहे, आत दुदशिरीची मुळं भिजत घातलेली. पोराला सर्दी झाली की छातीला चोळायला, दाढ ठणकली की कापसाच्या बोळ्याला, दुखऱ्या गुडघ्याला, हीच. फेणी म्हटलं की समुद्रकिनारा आणि धिंगाणा एवढंच ज्यांना आठवतं, त्यांनी हा कोनाडा बघायला हवा होता. २००९ साली काजूच्या फेणीला भौगोलिक मानांकन मिळालं, ते योग्यच झालं. पण आता बहुतेक भाट्यांत लावणीच्या जागी पाण्याच्या टाकीतली नळीची वेटोळी आली आहेत. वेटोळ्याला शेजारी माणूस बसावा लागत नाही. सोय झाली हे खरं, तरी तळव्याने ऊब ओळखणारी माणसं त्याबरोबर कमी झाली, याचं मला वाईट वाटतं.

म्हातारा उठतो, पाठ सरळ करतो आणि करटी तुमच्या हातात देतो. दुसरी खेप लागली आहे. पाणी ओता, लावणी तापतेय.