चहागृहांचा संगणक

व्यावसायिक माहिती प्रणालीचा पहिला धडा बहुधा यंत्रापासून सुरू होतो. इतिहासाचा क्रम मात्र उलटा आहे. लंडनच्या जे. लायन्स या चहा-केकवाल्या कंपनीत कारकुनी कामाच्या पद्धती तपासणारा विभाग 1930च्या दशकातच होता. कंपनीने स्वतः बांधलेल्या 'लिओ' संगणकावर बेकरीच्या मालाचा हिशेब सुरू झाला तो 1951च्या नोव्हेंबरात. पुढे कंपनीच्या चहागृहांच्या मागणीचे काम आले, तेव्हा डेव्हिड कॅमिनर आणि सहकाऱ्यांनी प्रत्येक गृहाची नेहमीची मागणी एकदाच ठरवून ठेवली. व्यवस्थापिकेने फोनवर फक्त बदल सांगायचे. खरी अक्कल इथे आहे! यंत्राविना हे जमले असते का, असा आक्षेप येईल. नसतेच जमले. पण केंब्रिज विद्यापीठाच्या 'एडसॅक' संगणकावर बेतलेले ते यंत्र उभे राहिले, तेव्हा त्याच्याकडून कोणते काम करून घ्यायचे हे लायन्सने आधीच ठरवले होते. अमेरिकेचा 'युनिव्हॅक'ही 1951चाच. पण तो प्रथम गेला सरकारी जनगणना कचेरीत.