पास (रग्बी युनियन)

रग्बी युनियन या खेळात चेंडू हाती असलेल्या खेळाडूने तो फेकून किंवा हातात देऊन सहकाऱ्याच्या स्वाधीन करण्याच्या क्रियेस पास असे म्हणतात. हा पास बाजूला किंवा मागेच द्यावा लागतो. बास्केटबॉल वा हँडबॉल पाहण्याची सवय असलेल्या प्रेक्षकास ही गोष्ट प्रथम चमत्कारिक वाटते; परंतु रग्बीची सारी रचना या एका बंधनावर उभी आहे. पुढे जायचे ते धावून किंवा चेंडू लाथाडून. हाताने मात्र तो मागेच जातो. त्यामुळे प्रत्येक पासात थोडी भूमी गमवावी लागते. हा तोटा भरून निघतो तो पास जलद आणि अचूक असेल तरच. म्हणून पास देणे व झेलणे हा या खेळाच्या प्रशिक्षणाचा पहिला पाठ मानला जातो.

== नियम ==

हाताने चेंडू प्रतिस्पर्ध्यांच्या गोलरेषेच्या दिशेने फेकला गेल्यास त्याला थ्रो-फॉरवर्ड म्हणतात आणि प्रतिपक्षाला स्क्रम मिळतो. असा पास हेतुपुरस्सर दिल्यास पेनल्टी दिली जाते. झेलताना चेंडू हातातून पुढे निसटला तर तो नॉक-ऑन होय.

पास पुढे गेला की नाही, हे चेंडू मैदानाच्या कोणत्या बिंदूवर पोहोचला यावरून ठरत नाही. तो देणाऱ्याच्या हातांतून कोणत्या दिशेने सुटला, हे पंच पाहतात. यामागे साधे पदार्थविज्ञान आहे. समजा, एक खेळाडू सेकंदाला ६ मी. वेगाने सरळ पुढे धावत असून त्याने सेकंदाला १२ मी. वेगाने बरोबर आडवा पास दिला. १२ मी. अंतरावरील सहकाऱ्याकडे पोहोचण्यास चेंडूला एक सेकंद लागेल आणि तेवढ्या वेळात धावणाऱ्याचा वेग अंगी असल्यामुळे चेंडू स्वतः ६ मी. पुढे सरकलेला असेल. तरीही पास नियमाला धरूनच आहे. प्रेक्षकांमधून वारंवार होणाऱ्या आरडाओरड्याचे मूळ बहुधा या गैरसमजात असते.

== तंत्र ==

रग्बीचा चेंडू लंबगोल असतो. प्रौढांसाठीच्या ५ क्रमांकाच्या चेंडूची लांबी २८० ते ३०० मिमी. व वजन ४१० ते ४६० ग्रॅम असते. मुलांसाठी ३ व ४ क्रमांकांचे लहान चेंडू वापरतात. लहान हातात मोठा चेंडू दिला की मूल तो बोटांऐवजी तळव्यांनी व छातीने सांभाळू लागते आणि ही सवय पुढे मोडणे कठीण जाते.

चेंडू दोन्ही हातांच्या पसरलेल्या बोटांनी धरावा. तळवा शक्यतो लागू देऊ नये. हात शरीरासमोरून आडवे फिरतात, मनगट व बोटे अखेरचा जोर देतात आणि चेंडू सुटल्यावर बोटे लक्ष्याकडे रोखलेली राहतात. लक्ष्य म्हणजे सहकारी जेथे आहे ती जागा नव्हे, तो जेथे पोहोचणार आहे ती जागा. चेंडू त्याच्या छातीच्या उंचीवर व किंचित पुढे आला, तर त्याला वेग कमी न करता तो घेता येतो. पाठीमागे किंवा गुडघ्याशी आलेला पास झेलला गेला तरी धाव मोडते आणि आक्रमणाचा लाभ तेथेच संपतो.

पासचे काही प्रकार रूढ आहेत. जवळच्या सहकाऱ्याला अलगद उडवून दिलेला पॉप पास, मध्यम अंतरासाठी फिरकी न देता फेकलेला साधा पास, आणि लांब अंतरासाठी लांबीच्या अक्षाभोवती फिरत जाणारा स्पिन पास. पकडले गेल्यावर खाली पडता पडता दिलेल्या पासला ऑफलोड म्हणतात. फिजीच्या खेळाडूंनी या प्रकारात विशेष नाव मिळविले असून २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्ये त्यांच्या सेव्हन्स संघाने अंतिम सामन्यात ग्रेट ब्रिटनचा ४३–७ असा पराभव केला. स्पिन पास दिसायला देखणा असल्याने मुलांना तो सर्वांत आधी हवा असतो. वास्तविक जवळच्या अंतरावर साधा पास हातातून लवकर सुटतो आणि झेलायलाही सोपा असतो.

स्क्रम-हाफचा, म्हणजे ९ क्रमांकाच्या खेळाडूचा पास स्वतंत्रपणे शिकविला जातो. त्याला चेंडू जमिनीवरून उचलून द्यायचा असतो. मागचा पाय चेंडूजवळ, पुढचा पाय लक्ष्याच्या दिशेने, आणि एकाच झोक्यात पास, ही त्याची रीत. चेंडू उचलून, एक पाऊल टाकून, हात मागे घेऊन मग फेकणे हा त्यातील सर्वांत सामान्य दोष होय. दक्षिण आफ्रिकेचा डॅनी क्रेव्हन १९३० च्या दशकात संपूर्ण अंग झोकून देऊन डाइव्ह पास देण्याबद्दल प्रसिद्ध होता. १९६० च्या दशकात न्यू झीलंडच्या क्रिस लेडलॉने स्क्रम-हाफच्या स्पिन पासला प्रतिष्ठा मिळवून दिली. पास देणारा पायांवर उभाच राहत असल्याने पुढच्या हालचालीस तो मोकळा राहू लागला.

== वेग आणि अचूकता ==

जलद पास म्हणजे जोरात फेकलेला पास, अशी समजूत नवशिक्या खेळाडूंत आणि कित्येक प्रशिक्षकांतही आढळते. ती हिशेबाला टिकत नाही. ८ मी. अंतर सेकंदाला १२ मी. वेगाने कापण्यास चेंडूला सुमारे ०.६७ सेकंद लागतात. वेग वाढवून १५ मी. केला तर सुमारे ०.५३. वाचले ते जेमतेम ०.१३ सेकंद, आणि त्यासाठी झेलणाऱ्याच्या हातावर आदळणारा चेंडू. याउलट चेंडू आधी छातीशी घ्यायचा, मग सहकारी शोधायचा आणि मग हात मागे न्यायचे, यात याच्या दुप्पट वेळ सहज जातो. तेवढ्यात सेकंदाला ६ मी. धावणारा बचावपटू जवळजवळ २ मी. पुढे आलेला असतो. तेव्हा वेळ हवेत वाया जात नाही, हातात वाया जातो.

म्हणूनच जलद पासची तयारी चेंडू येण्यापूर्वी सुरू होते. झेलणाऱ्याने हात आधीच वर करून, बोटे उघडून, पास देणाऱ्याकडे वळवलेले असावेत. चेंडूची वाट न पाहता हात पुढे करून तो लवकर घ्यावा आणि त्याच हालचालीत शरीरासमोरून पलीकडे पाठवावा. पलीकडे कोण आहे, हे त्याने चेंडू हाती येण्याआधीच पाहून ठेवलेले असते. असे हात तयार असले की देणाऱ्यालाही लक्ष्य दिसते, म्हणजे अचूकतेचा अर्धा भार झेलणारा उचलतो.

== प्रशिक्षण ==

सरावाचा प्रारंभ बहुधा उभ्याने होतो. तीन-चार खेळाडू ३ ते ४ मी. अंतराने ओळीत उभे राहून चेंडू एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे नेतात. कोणीही तो छातीशी घ्यायचा नाही, एवढीच अट. पुढे हेच चालत, मग धावत केले जाते. डाव्या व उजव्या दोन्ही बाजूंना सारखाच सराव आवश्यक असतो. बहुतेकांची एक बाजू दुबळी असते आणि जाणता प्रतिस्पर्धी ती काही मिनिटांत हेरतो.

यापुढे मात्र मतभेद आहेत. जुन्या पद्धतीत बचावपटूंविना लांबच लांब ओळी धावविल्या जात. पाहणाऱ्याला ते सुरेख दिसे. सामन्यात तेच खेळाडू गोंधळून जात, कारण पास कधी द्यावा हे त्यांनी कधी ठरविलेलेच नसे. १९८२ मध्ये इंग्लंडमधील लफबरो विद्यापीठाचे डेव्हिड बंकर व रॉड थॉर्प यांनी खेळातूनच खेळ समजावून देण्याची पद्धत मांडली. तिच्या प्रभावाने स्पर्श-रग्बीसारखे छोटे खेळ आणि दोघांविरुद्ध एक, तिघांविरुद्ध दोन असे सराव रूढ झाले. दोघांविरुद्ध एक या सरावात चेंडूवाल्याने सरळ बचावपटूच्या अंगावर जाऊन त्याला स्वतःकडे खेचून धरायचे आणि मगच पास द्यायचा. पास लवकर दिला तर बचावपटू सहकाऱ्याकडे सरकतो. उशीर झाला तर चेंडूसकट पकडला जातो. हा नेमका क्षण ओळीतल्या सरावात सापडत नाही. तथापि ज्याला चेंडू झेलताच येत नाही, त्याला नुसता खेळ खेळवूनही फारसे साधत नाही. चेंडू सतत जमिनीवरच राहतो. थोडे हात बसेपर्यंत ओळ आणि त्यानंतर लगेच समोर बचावपटू, हा क्रम त्यातल्या त्यात व्यवहार्य ठरतो. प्रशिक्षकाने पास देणाऱ्याइतकेच झेलणाऱ्याकडे पाहणेही त्यात येते.

पास केवळ मागच्या फळीसाठी, ही समजूतही मागे पडली आहे. २७ जानेवारी १९७३ रोजी कार्डिफ आर्म्स पार्कवर बार्बेरियन्सने न्यू झीलंडविरुद्ध नोंदविलेला ट्राय याचे उत्तम उदाहरण होय. स्वतःच्या गोलरेषेजवळ फिल बेनेटने हुलकावण्या देत चेंडू बाहेर काढला; जे.पी.आर. विल्यम्सने मानेला पकड बसलेली असताना पुढचा पास दिला. मग जॉन पुलिन, जॉन डॉज, टॉम डेव्हिड, डेरेक क्विनेल आणि शेवटी गॅरेथ एडवर्ड्स. या साखळीतील पुलिन, डेव्हिड व क्विनेल हे तिघे पुढच्या फळीतले, म्हणजे फॉरवर्ड होते. एक जरी पास ढिला पडता तरी हा ट्राय झाला नसता. सामन्यापूर्वी या संघाशी बोलणारे कार्विन जेम्स हे वेल्श भाषेचे शिक्षक होते. १९७१ मध्ये त्यांच्या प्रशिक्षणाखाली ब्रिटिश लायन्सने न्यू झीलंडमध्ये मालिका जिंकली होती.

== हॉस्पिटल पास ==

उंच, संथ वा उशिरा दिलेला पास सहकाऱ्याकडे पोहोचतो तेव्हा बचावपटूही त्याच क्षणी तेथे पोहोचतो. झेलणाऱ्याची नजर व हात वर, बरगड्या उघड्या, आणि अंग आवळून धक्का सोसण्यास वेळ नाही, अशा स्थितीत टॅकल बसतो. खेळाडूंच्या बोलीत याला हॉस्पिटल पास म्हणतात आणि हे नाव विनोदी असले तरी इजा विनोदी नसते. पकडीत सापडल्यावर घाबरून चेंडू कसाही भिरकावणे हे त्याचे नेहमीचे कारण. अशा वेळी चेंडू घट्ट धरून खाली जाणे आणि सहकाऱ्यांची वाट पाहणे अधिक हिताचे, हे शालेय संघांना आवर्जून शिकवावे लागते. चुकीच्या पासची किंमत देणारा नव्हे, घेणारा मोजतो.

== भारतात ==

भारतात रग्बी ब्रिटिश काळात कोलकाता व मुंबई येथे रुजली. बॉम्बे जिमखान्याचे मैदान तिचे जुने केंद्र आहे. कबड्डी खेळलेल्या मुलांना अंगाला अंग भिडविण्याची आणि पकडीची सवय असते, परंतु चेंडू हाताळण्याची नसते. त्यांच्या प्रशिक्षणात टॅकलपेक्षा पासला अधिक वेळ द्यावा लागतो.