वेस्टनबर्ट वृक्षोद्यान

इंग्लंडच्या ग्लॉस्टरशर परगण्यातील विख्यात वृक्षोद्यान. टेटबरी गावापासून सुमारे 5 किमी. क्षेत्र सुमारे 600 एकर. सुमारे 2,500 प्रकारची 15,000 झाडे.

मूळची ही हॉलफर्ड घराण्याची खासगी इस्टेट. रॉबर्ट स्टेनर हॉलफर्ड (1808–92) याने 1829 मध्ये, वडील हयात असतानाच, येथे झाडे लावायला घेतली. लंडनला पाणी पुरवणाऱ्या न्यू रिव्हर कंपनीच्या समभागांचा पैसा घरात होता आणि हौसेला मोल नव्हते. वाड्याच्या बागेला अडचण होते म्हणून त्याने वेस्टनबर्ट हे गावच उठवून दुसरीकडे वसवले. गावकऱ्यांना काय वाटले असेल, ते सांगायला नकोच. लागवड मात्र त्याने शास्त्रीय कुळे लावत न करता डोळ्यांना काय दिसेल ते पाहून केली : लांबरुंद हिरव्या वाटा, मागे यू आणि होम ओक यांची गर्द सदाहरित भिंत, पुढे पानगळीचे वृक्ष. ऑक्टोबरात मेपल लालभडक होतात ते या काळोख्या पार्श्वभूमीमुळे अधिकच उठून दिसतात. त्याच दिवसांत कात्सुरा वृक्षाच्या गळत्या पानांना जळक्या साखरेचा वास सुटतो. झाड दिसण्याआधी पुष्कळदा वासच येतो.

मुलगा सर जॉर्ज हॉलफर्ड याने संग्रह वाढवला. तो 1926 मध्ये वारल्यावर इस्टेट भाच्याकडे, अर्ल ऑफ मॉर्लीकडे गेली. वाड्यात 1928 पासून शाळा भरते. वृक्षोद्यान 1956 मध्ये सरकारी वनखात्याकडे आले. आज ते ‘फॉरेस्ट्री इंग्लंड’ चालवते.

‘जुने वृक्षोद्यान’ आणि ‘सिल्क वुड’ असे याचे दोन भाग आहेत. बहुतेकांची पावले पहिल्या भागाकडे वळतात. पण सिल्क वुड चुकवू नये. तेथील बारीक पानांचे एक लिंडेन सुमारे 2,000 वर्षांचे मानतात. ते जमिनीलगत पुन्हापुन्हा तोडत आल्याने मूळ खोड उरलेले नाही, धुमाऱ्यांचे मोठे कडे झाले आहे. नवख्याला तो वेगवेगळ्या झाडांचा घोळकाच वाटतो. सिल्क वुडकडे जाताना 2016 मध्ये उघडलेला सुमारे 300 मीटर लांबीचा उंच पूल लागतो. त्याचा चढ सौम्य असल्याने चाकाच्या खुर्चीवरूनही झाडांच्या शेंड्यांपर्यंत जाता येते. प्रवेशाला तिकीट आहे. कुत्र्यांना सिल्क वुडमध्ये मुभा, जुन्या भागात मज्जाव.