साथ ओसरते, पण लेकरांच्या अंगावर राहते

‘कोरोना लहान मुलांना फारसं काही करत नाही.’ २०२० पासून हे वाक्य आपण ऐकत आलो. डॉक्टरी हिशोबाने ते बऱ्यापैकी खरंही आहे. पण मंडळी, आपल्या खान्देशातल्या साथींचा इतिहास जरा चाळला तर लक्षात येतं की मुलांचा हिशोब दवाखान्यात संपत नसतो.

बहिणाबाई चौधरींचंच घ्या. असोद्याची लेक, जळगावची सून. जळगावात प्लेग आला, त्यात त्यांचा मुलगा ओंकार सापडला. जीव वाचला, पण कायमचं अपंगत्व आलं. बहिणाबाई ऐन तारुण्यात विधवा झालेल्या. ओंकार, सोपान आणि काशी ही तीन लेकरं त्यांनी शेतात राबून वाढवली. प्लेगच्या मयतांच्या यादीत ओंकारचं नाव नव्हतं, पण त्या साथीचा भार त्याने जन्मभर वाहिला.

मग १९१८ चा इन्फ्लुएन्झा. त्याच वर्षी पावसानेही दगा दिला होता आणि धान्य महागलं होतं. जूनमध्ये मुंबईत शिरलेला ताप पावसाळा सरताना दुप्पट जोराने परतला आणि खेडोपाडी पसरला. एकट्या मुंबई इलाख्यात दहा लाखांहून जास्त माणसं गेली. या तापाची खोड अशी, की त्याने वीस ते चाळीस वयाची धडधाकट माणसं जास्त नेली. म्हणजेच घराघरातले आईबाप. मागे राहिलेली पोरं कुणी वाढवली, याची कुठल्याच सरकारी दप्तरात नीट नोंद नाही.

आता कोरोना. जळगावात पहिला रुग्ण सापडला मार्च २०२० च्या अखेरीस. सुरुवातीला स्वॅब तपासायलासुद्धा धुळ्याच्या मेडिकल कॉलेजवर अवलंबून राहावं लागत होतं. मे-जूनमध्ये जळगावचा मृत्युदर देशभर चर्चेत आला. रोज संध्याकाळी प्रशासनाचा आकडा यायचा, किती पॉझिटिव्ह, किती बरे, किती मयत. त्यात मुलं क्वचित दिसायची.

पण विषाणूने मुलांना सोडलं होतं का? अजिबात नाही. जून-जुलै २०२१ मध्ये आयसीएमआरने देशातल्या ७० जिल्ह्यांत रक्ततपासणी केली. त्यात आपला जळगाव जिल्हा होता. देशपातळीवर ६ ते ९ वयाच्या ५७.२ टक्के आणि १० ते १७ वयाच्या ६१.६ टक्के मुलांच्या रक्तात अँटिबॉडीज सापडल्या. मुलांना तेव्हा लस मिळालेलीच नव्हती. याचा अर्थ सरळ आहे, निम्म्याहून जास्त पोरांना कोरोना होऊन गेला होता. बहुतेकांना दोन दिवस ताप, थोडी सर्दी, जुलाब. घरच्यांना कळलंही नाही.

थोड्या मुलांना मात्र जबर फटका बसला. कोरोना होऊन गेल्यावर दोन ते सहा आठवड्यांनी अचानक सतत ताप, अंगावर पुरळ, लाल डोळे, पोटदुखी, रक्तदाब खाली. हृदयावरसुद्धा सूज. याला डॉक्टर एमआयएस-सी म्हणतात. वेळेत ओळखलं तर बहुतेक मुलं वाचतात, पण त्यासाठी बालरोगतज्ज्ञ, मुलांचा आयसीयू आणि महागडी इंजेक्शनं लागतात. तालुक्याच्या गावात हे कुठून आणायचं?

मे २०२१ मध्ये ‘तिसरी लाट मुलांवर’ अशी हाकाटी झाली. राज्याने बालरोगतज्ज्ञांचा टास्क फोर्स नेमला. २०२२ च्या जानेवारीत लाट आली, पण तिने मुलांना वेगळं काढून मारलं नाही. आपण सुटकेचा श्वास टाकला आणि विषय मिटला.

तो मिटायला नको होता. कारण मुलांचं खरं नुकसान आयसीयूच्या बाहेर झालं.

एक, शाळा. मार्च २०२० ला बंद झालेले पहिली ते चौथीचे वर्ग खेड्यात उघडले १ डिसेंबर २०२१ ला. जून २०२० मध्ये पहिलीत नाव घातलेल्या पोराची अख्खी पहिली घरात गेली, दुसरीही अर्धी गेली. ‘शाळा बंद पण शिक्षण सुरू’ असं सरकार म्हणत होतं. पण चोपडा, शिरपूर, साक्रीच्या डोंगरपट्ट्यात, जिथे रेंजसाठी टेकडी चढावी लागते, तिथे काय सुरू होतं? ‘असर’च्या पाहणीत देशातल्या ग्रामीण भागात दुसरीचा उतारा वाचू शकणारी तिसरीची मुलं २०१८ मध्ये २७.३ टक्के होती, २०२२ मध्ये २०.५ टक्क्यांवर आली.

दोन, घर. दुसऱ्या लाटेत तिशी-चाळिशीतले कमावते बाप गेले. आई आणि वडील दोन्ही गमावलेल्या मुलांसाठी राज्याने जून २०२१ मध्ये पाच लाखांची मुदत ठेव जाहीर केली, केंद्राने दहा लाखांची. चांगलं केलं. पण फक्त बाप गेलेलं पोरगं या ठेवीत बसत नाही, आणि अशी घरंच जास्त आहेत. त्यांच्यासाठी बालसंगोपन योजना. २०२३ मध्ये ती महिना २,२५० रुपयांची झाली. पण कागद गोळा करता करता त्या विधवा माउलीची किती रोजंदारी बुडते, हे महिला व बालविकासच्या दारात उभं राहिलं की कळतं.

तीन, ज्यांना आपण मोजलंच नाही ती पोरं. मे २०२० मध्ये मुंबई-आग्रा महामार्गावरून, धुळ्याहून शिरपूर, पुढे बिजासन घाटाकडे आईबापांसोबत चालत गेलेली. यातल्या कितीतरी लेकरांना कोरोना शिवलाही नसेल.

शंभर वर्षांपूर्वीच्या पोरांचा हिशोब आता लागणार नाही. पण २०२१ मध्ये बाप गेलेली पोरं आज आपल्याच गल्लीत आहेत, कुणी दहावीच्या उंबरठ्यावर, कुणी शाळा सोडून गॅरेजवर. अठरा वर्षं पूर्ण झाली की बालसंगोपनचं दारही बंद होतं. म्हणजे वेळ थोडा उरलाय.

सरपंच, ग्रामसेवक, अंगणवाडी ताई, मुख्याध्यापक यांनी एकदा बसून गावाची यादी काढावी. कोण शाळेतून गळालं, कुणाचा अर्ज अडकला, कुणी अर्जच केला नाही. तुमच्या गावात असं लेकरू असेल तर नाव इथे जाहीर लिहू नका, पण त्या आईला घेऊन एकदा कचेरीत जा. एक दिवस जाईल, पण एका पोराची शाळा वाचेल.