माउलींचा मोकळा अश्व

बिंबाजी भोसल्यांनी १७५८ मध्ये रतनपूरचा कारभार हाती घेतला. भोसल्यांच्या त्या काळापासून छत्तीसगढात मराठी घरे रुजत गेली. आज रायपूरच्या समता कॉलोनीसारख्या वस्तीत वाढणाऱ्या मराठी मुलांपैकी आळंदी ते पंढरपूर ही वाट पायी चाललेली मुले विरळाच. वारीशी त्यांची पहिली ओळख होते ती बहुधा गणपतीपुढे किंवा महालक्ष्म्यांपुढे मांडलेल्या मातीच्या पालखी सोहळ्यातून. म्हणूनच या चिमुकल्या मूर्ती कशा रंगवाव्यात आणि कोणत्या क्रमाने मांडाव्यात, हा प्रश्न केवळ सजावटीचा राहत नाही.

तुकोबांचे पुत्र नारायणबाबा यांनी १६८५ मध्ये ज्ञानोबा व तुकोबा या दोघांच्या पादुका एकाच पालखीत ठेवून सोहळा सुरू केला. पुढे १८३२ च्या सुमारास आरफळच्या हैबतबाबांनी आळंदीची पालखी स्वतंत्र केली. हैबतबाबा ग्वाल्हेरच्या शिंद्यांच्या पदरी होते, आणि सोहळ्याला लाभलेली लष्करी शिस्त त्यांचीच मानली जाते. अश्व आले ते अंकलीच्या शितोळे सरदारांकडून. पुढे नगारखाना, मग अश्व, त्यामागे सत्तावीस दिंड्या, मग रथ आणि रथामागे उरलेल्या दिंड्या असा हा क्रम आहे. घरच्या पाटावर सत्तावीस दिंड्या मावत नाहीत, तिथे दोनतीनही पुरतात. क्रम मात्र मोडू नये.

चूक होते ती घोड्यांपाशी. अश्व दोन. एकावर जरीपटका घेतलेला स्वार असतो, दुसऱ्यावर कोणीच नसते; तो माउलींचा. रंगवणाऱ्या मुलाला ती पाठ ओकी वाटते आणि तो तिथे एखादा फेटेवाला बसवून मोकळा होतो. पालखीतही पादुकांऐवजी संतांची मूर्ती ठेवण्याचा मोह होतो. वास्तविक ज्यांच्यासाठी एवढा समुदाय चालतो, ते संत देहाने कुठेच दिसत नाहीत, हेच या सोहळ्याचे वेगळेपण आहे.

रंगकाम चिकाटीचे आहे. शाडूची तीन इंची मूर्ती सावलीत पूर्ण वाळल्यावर तिला खडी व डिंकाचा पातळ हात द्यावा, नंतर अंगाचा रंग, मग वस्त्रे. धोतर निव्वळ पांढरे ठेवले तर चुन्याचा गोळा दिसतो. चुण्यांत किंचित निळसर करडा रंग आणि काठाशी धुळीचा पिवळट हात दिला की वारकरी चालू लागतो. साचा एकच असल्याने सगळे चेहरे सारखे निघतात. कुणाला पिकल्या मिशा, कुणाला रापलेला वर्ण, कुणाला बुक्क्याचा मोठा टिळा देऊन ते वेगळे करावे लागतात. डोळ्यांची आखणी सर्वांत शेवटी, बारीक कुंचल्याने, श्वास रोखून. बाजारात आयत्या मिळणाऱ्या प्लॅस्टिकच्या वारकऱ्यांना हे काहीच लागत नाही, आणि ते तसेच दिसतात.

रथाच्या बैलांसाठी मात्र रायपूरकरांना लांब जावे लागत नाही. पोळ्याला येथील कुंभार मातीचे नंदिया बैल विकतात, आणि पोळ्यानंतर चारच दिवसांनी गणेश चतुर्थी येते. त्या बैलांच्या पायांत चाकांसाठी भोके असतात. ती ओल्या मातीने बुजवायची, शिंगांना रंग द्यायचा आणि जोडी रथाला जुंपायची. वारकऱ्यांच्या मानाने बैल अंमळ थोराड दिसतात. दिसू द्यावेत.